कोंबडीच्या अंड्यात पहिले रक्त आणि पहिल्या रक्तवाहिन्या कशा पाहाव्यात

भ्रूणविज्ञानाच्या पुस्तकांत रक्ताच्या उगमाचे चित्र बहुधा झाडासारखे काढलेले असते. तळाशी मध्यस्तर, म्हणजे भ्रूणाच्या तीन थरांपैकी मधला, त्यावर एक गोल पेशी, आणि त्या पेशीतून फुटलेल्या दोन फांद्या. एक रक्तपेशींकडे जाते आणि दुसरी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराकडे, म्हणजे एंडोथेलियमकडे. हे चित्र पाठ व्हायला वेळ लागत नाही, पण त्यात ना घड्याळ असते ना नकाशा. रक्त तयार होण्याची सुरुवात भ्रूणाच्या देहाबाहेर, पीतकावर म्हणजे अंड्यातल्या पिवळ्या बलकावर पसरलेल्या पातळ पडद्यात होते आणि तीही हृदयाचा पहिला ठोका पडण्याच्या आधी, ही गोष्ट ज्याने अंड्यात प्रत्यक्ष पाहिली त्याला ती पुन्हा घोकावी लागत नाही. बी.एस्सी.च्या प्राणिशास्त्राच्या वर्गांना कोंबडीच्या भ्रूणाच्या २४, ३३, ४८ आणि ७२ तासांच्या स्लाइड दाखवण्याची पद्धत जुनी आहे. त्याच तासांचे जिवंत भ्रूण कसे मिळवावेत, त्यांत रक्त आणि रक्तवाहिन्या नेमक्या कोठे शोधाव्यात, आणि दिसलेल्या गोष्टीवरून किती बोलावे व कोठे थांबावे, हे येथे क्रमाने लिहीत आहे. यातला शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण सूक्ष्मदर्शकाखाली दोन प्रकारच्या पेशी एकाच जागी उगवताना दिसल्या, तरी त्या एकाच आईच्या लेकी आहेत हे त्यावरून सिद्ध होत नाही.

अंडी आणि वेळेचे गणित

किराणा दुकानात ट्रेमध्ये मिळणारी अंडी या कामाला चालत नाहीत. लेअर फार्मवर कोंबडा ठेवलेला नसतो, त्यामुळे ती अंडी फलित नसतात आणि कितीही ऊब दिली तरी त्यांत भ्रूण वाढत नाही. अंडी हॅचरीतून आणावीत, किंवा गावात ज्यांच्या कळपात कोंबडा मोकळा फिरतो अशा घरून गावरान अंडी घ्यावीत. अंडे घातले जाते तेव्हा भ्रूण एका पेशीचा राहिलेला नसतो. कोंबडीच्या पोटात असतानाच त्याच्या हजारो पेशी झालेल्या असतात आणि अंडे थंड पडले की ही वाढ थबकते. म्हणून अंडी १५ ते १८ अंश सेल्सिअसला ठेवावीत आणि आठवड्याच्या आत वापरावीत. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा नियम फार कडकपणे पाळावा लागतो. एकदा मे महिन्यात आणलेली दोन डझन अंडी मी प्रयोगशाळेच्या टेबलावर दोन दिवस तशीच राहू दिली. नंतर ती उबवून उघडली, तेव्हा बहुतेक अंड्यांत पडदा पसरलेला होता, पण भ्रूणाची रेघ वाकडी किंवा अर्धवट होती, कारण खोलीच्या उष्णतेने वाढ अर्धीमुर्धी सुरू होऊन रखडली होती. तेव्हापासून मार्च ते जूनमध्ये हे प्रात्यक्षिक घ्यायचे असेल, तर अंडी त्याच दिवशी आणून त्याच दिवशी उबवणीयंत्रात ठेवतो.

यंत्राचे तापमान ३७.५ ते ३८ अंश ठेवावे आणि आत पाण्याचे पसरट भांडे असू द्यावे. अंडे आडवे ठेवून वरच्या बाजूला पेन्सिलीने फुली करावी. पीतकाची भ्रूण असलेली बाजू हलकी असते, त्यामुळे भ्रूण फिरून वर येतो आणि फुलीच्या खाली सापडतो. तीन दिवसांच्या कामासाठी अंडी उलटी-सुलटी करत बसण्याची गरज नाही.

तास मोजताना घड्याळ उलटे चालवावे लागते. वर्ग सकाळी ११ वाजता असेल, तर ४८ तासांची अंडी दोन दिवस आधी ११ वाजता आणि ७२ तासांची तीन दिवस आधी ११ वाजता ठेवावीत. २६ तासांची आदल्या दिवशी सकाळी ९ ला आणि ३८ तासांची त्याच्या आदल्या रात्री ९ ला. ३३ तासांच्या अंड्यांसाठी मध्यरात्री २ वाजता उठावे लागते, म्हणून ते निरीक्षण मी दुपारी ३ वाजता घेतो आणि अंडी आदल्या दिवशी सकाळी ६ ला ठेवतो. थंड जागेतून काढलेले अंडे आतून गरम व्हायला काही तास जातात, तेवढा उशीर हिशोबात धरावा. तरीही तासांवर फार विसंबू नये. एकाच वेळी ठेवलेल्या सहा अंड्यांतले दोन भ्रूण पुढे गेलेले असतात आणि एखादा मागे राहतो. विक्टर हॅम्बर्गर आणि हॉवर्ड हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये कोंबडीच्या वाढीचे ४६ टप्पे ठरवून दिले, ते याच अडचणीवरचे उत्तर आहे. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या ठोकळ्यांच्या, म्हणजे सोमाइटांच्या जोड्या मोजाव्यात आणि वहीत तासांच्या शेजारी तो आकडा लिहावा. चार जोड्यांचा आठवा टप्पा साधारण २६ ते २९ तासांत येतो, दहा जोड्यांचा दहावा टप्पा ३३ ते ३८ तासांत, आणि सोळा जोड्यांचा बारावा टप्पा ४५ ते ४९ तासांत.

भ्रूण बाहेर काढण्याची रीत

एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ७.२ ग्रॅम मीठ, म्हणजे शुद्ध सोडियम क्लोराइड, विरघळवून ते द्रावण ३८ अंशांपर्यंत कोमट ठेवावे. माणसासाठी वापरतात त्या ०.९ टक्क्यांच्या सलाइनपेक्षा हे थोडे पातळ असते आणि कोंबडीच्या पेशींना तेच मानवते. फिल्टर पेपरच्या कड्या आधीच कापून ठेवाव्यात. बाहेरचा व्यास सुमारे तीन सेंटिमीटर आणि मधले भोक दीड ते दोन सेंटिमीटर. भोक लहान ठेवण्याचा मोह होतो, कारण लहान भोकात भ्रूण ताणून बसतो. पण रक्त शोधायचे असेल तर ही चूक महागात पडते, कारण आपल्याला हवा तो रक्ताचा पट्टा भ्रूणाच्या देहापासून दूर असतो आणि तोच नेमका कागदाखाली झाकला जातो.

कोमट सलाइनच्या वाडग्यात, पृष्ठभागाच्या जवळ धरून अंडे फोडावे आणि पीतक अलगद सोडावा. भ्रूण असलेली पांढरी तबकडी वर आली की तिच्यावरचा घट्ट पांढरा बलक टिश्यू पेपरच्या तुकड्याने हळूहळू पुसून घ्यावा. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण येथे घाई केली तर कडी चिकटत नाही आणि पुढचे सारे फसते. सलाइनची पातळी थोडी खाली आणून कडी तबकडीवर अशी ठेवावी की भ्रूण भोकाच्या मध्यभागी येईल. कागद ओला होऊन पीतकाच्या आवरणाला धरतो. मग बारीक कात्रीने कडीच्या बाहेरून आवरण गोल कापावे, चिमट्याने कडी तिरकी उचलावी आणि कोमट सलाइनच्या वॉच ग्लासमध्ये हलवून खाली लागलेला पिवळा बलक धुऊन टाकावा. कडी पालथी करून ठेवली तर भ्रूणाची पोटाकडची बाजू वर येते, आणि रक्तवाहिन्या पाहायला हीच बाजू चांगली. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली आधी खालून प्रकाश देऊन पाहावे, मग खाली पांढरा कागद ठेवून वरून प्रकाश द्यावा. पहिल्या प्रकाशात पेशींचे पुंजके उठून दिसतात आणि दुसऱ्यात लाल रंग ओळखू येतो. काम संपल्यावर उघडलेली सर्व अंडी आणि भ्रूण रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून मगच टाकावेत, आणि कच्च्या अंड्याला लागलेले हात साबणाने धुवावेत.

ज्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नाही, त्यांना अंडे न फोडताही थोडे पाहता येईल. चौथ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंड्याच्या बोथट टोकाला टॉर्च टेकवला, की कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या लाल रेघा कवचातून दिसतात. घरच्या मुलांना दाखवायला हे पुरेसे आहे, पण उगम पाहायचा असेल तर दुसऱ्या दिवसाकडे जावे लागते.

काय, केव्हा आणि कोठे पाहावे

१८ ते २० तासांच्या तबकडीत मधला भाग काचेसारखा पारदर्शक असतो, त्याला एरिया पेल्युसिडा म्हणतात, आणि भोवतालचा दुधट भाग म्हणजे एरिया ओपाका. पारदर्शक भागात एक उभी रेघ दिसते, ती प्रिमिटिव्ह स्ट्रीक. वरच्या थरातल्या पेशी या रेघेतून खाली उतरून दोन थरांच्या मध्ये पसरतात आणि मध्यस्तर बनतो. रेघेच्या मागच्या भागातून उतरलेल्या पेशी देहाबाहेर, दुधट भागाकडे सरकतात आणि रक्त तेथेच होणार असते. या टप्प्यात रक्त म्हणून दाखवण्यासारखे काहीच नाही. तरी एक भ्रूण पाहून ठेवावा, कारण पुढच्या प्रत्येक चित्राची दिशा या रेघेवरून लागते.

२४ ते २८ तासांत, सोमाइटांच्या एक ते चार जोड्या असताना, दुधट भागाच्या आतल्या कडेकडे आणि भ्रूणाच्या शेपटीच्या बाजूला पडदा ठिपकेदार दिसू लागतो. आभाळात विरळ ढग जमावेत तसे हे डाग असतात आणि प्रकाश थोडा तिरका केला की जास्त स्पष्ट होतात. हीच रक्तबेटे. डोक्याच्या बाजूला ती नसतात. भ्रूणाला मागून आणि दोन्ही बाजूंनी वेढणाऱ्या घोड्याच्या नालेच्या आकाराच्या पट्ट्यात ती असतात. हा पट्टा पुढे एरिया व्हॅस्क्युलोसा होतो. उभा छेद घेतला तर बेटे मध्यस्तराच्या खालच्या पदरात, अगदी अंतःस्तराला, म्हणजे सर्वांत खालच्या थराला, लागून दिसतात. ही जवळीक योगायोगाची नाही. मध्यस्तराने रक्ताकडे वळावे यासाठी खालच्या अंतःस्तराकडून इशारे मिळावे लागतात, हे कोंबडीच्या आणि उंदराच्या भ्रूणांवरच्या प्रयोगांतून दिसून आले आहे.

यानंतरच्या बारा तासांना मी वर्गात सर्वांत जास्त वेळ देतो. ३० तासांच्या आसपास एखादे बेट ४० पटींत किंवा शक्य असल्यास त्याहून मोठे करून पाहावे. मध्यभागी गोल पेशी एकमेकींना दाबून बसलेल्या असतात, डाळिंबाच्या दाण्यांसारख्या, पण अजून रंगहीन. कडेच्या पेशी मात्र चपट्या आणि लांबट होत जातात आणि त्या घोळक्याला साडीच्या काठासारख्या वेढतात. काही वेळाने मधल्या पेशींमध्ये द्रव साचून पोकळी दिसू लागते, गोल पेशी एकमेकींपासून सुटतात, आणि कडेचा चपटा पदर त्यांच्याभोवती पिशवीसारखा उरतो. पिशवीचा पदर म्हणजे एंडोथेलियम आणि आत सुटलेल्या पेशी म्हणजे पहिले रक्त. शेजारच्या पिशव्यांचे काठ एकमेकांना भिडतात, भिडल्या जागी वाट मोकळी होते आणि दोन-तीन बेटांची मिळून एक वेडीवाकडी नळी होते. जागच्या जागी अशी रक्तवाहिनी घडण्याला व्हॅस्क्युलोजेनेसिस म्हणतात. तयार वाहिनीला कोंब फुटून नवी वाहिनी निघते, ती क्रिया अँजिओजेनेसिस. विद्यार्थी हे दोन शब्द सर्रास अदलाबदल करतात, पण ज्याने बेटांचे काठ भिडताना पाहिले, तो ही चूक पुन्हा करत नाही.

३३ ते ३८ तासांच्या भ्रूणात पांढरा कागद खाली ठेवून पाहावे. शेपटीच्या बाजूच्या नालेसारख्या पट्ट्यात विटकरी झाक येऊ लागलेली असते, म्हणजे पेशींत हीमोग्लोबिन साठू लागले आहे. याच सुमारास, दहा सोमाइटांच्या टप्प्यावर, डोक्याच्या खाली हृदयाची नळी अधूनमधून आचके देऊ लागते. या दोन गोष्टी एकाच वेळी डोळ्यांसमोर असताना थोडे थांबावे. रक्त मागे तयार आहे, पंप पुढे सुरू झाला आहे, आणि दोघांना जोडणारा रस्ता अजून पूर्ण झालेला नाही. हृदय रक्त बनवत नाही आणि रक्त हृदयाची वाट पाहत नाही. पाण्याची टाकी, नळ आणि मोटर वेगवेगळ्या गवंड्यांनी एकाच वेळी बांधायला घ्यावीत आणि शेवटी जोड बसावा, तसे हे काम चालते.

हा जोड साधारण ४० ते ४५ तासांत बसतो. जिवंत भ्रूण कोमट ठेवून ४५ ते ४८ तासांच्या दरम्यान पाहिला, तर वाहिन्यांत ठोक्याबरोबर पुढे सरकणारे आणि किंचित मागे येणारे दाणे दिसतात. तीच रक्ताची पहिली ये-जा. सलाइन गार झाले की ठोके मंदावतात, म्हणून वॉच ग्लासखाली कोमट पाण्याची बशी ठेवावी. पट्ट्याच्या बाहेरच्या कडेने एक गोल वाहिनी जाते, ती सायनस टर्मिनॅलिस. भ्रूणाच्या देहातून काटकोनात दोन्ही बाजूंना निघणाऱ्या वाहिन्या म्हणजे पीतकाच्या रोहिण्या. सुरुवातीला सर्व वाहिन्यांचे जाळे एकसारखे, गाळणीसारखे असते. प्रवाह सुरू झाल्यावर काही वाटा रुंद होतात आणि काही मिटतात. नीला कोणती आणि रोहिणी कोणती हेही पूर्णपणे आधी ठरलेले नसते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोंबडीच्या पीतकाची एक रोहिणी बांधून प्रवाह बदलला, तेव्हा पलीकडच्या भागाने नीलेची लक्षणे घेतली.

जिवंत निरीक्षणाची ही रीत नवी नाही. मार्चेल्लो माल्पिघी यांनी सतराव्या शतकात अंड्यातल्या या वाहिन्यांच्या पट्ट्याची चित्रे काढली होती. पण पेशी-पेशी बदलताना पाहण्याचे काम बाल्टिमोरमध्ये फ्लॉरेन्स सेबिन यांनी केले. त्यांनी दुसऱ्या दिवसाच्या कोंबडीच्या भ्रूणाचे पडदे जिवंत ठेवून तासन् तास निरीक्षण केले आणि मध्यस्तराच्या पेशींतून रक्तवाहिन्या व तांबड्या पेशी कशा होतात याचा सविस्तर वृत्तांत १९२० मध्ये छापला. १९२५ मध्ये त्या अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या पहिल्या स्त्री सदस्य झाल्या. वर्गात कोणी मध्येच कंटाळले की मी हे नाव सांगतो, कारण त्यांचे मुख्य साधन आपल्यासारखेच होते: कोमट ठेवलेला भ्रूण, सूक्ष्मदर्शक आणि न हलता बसण्याची तयारी.

दिसले त्यावरून काय म्हणावे

आता वहीत निष्कर्ष लिहिण्याची वेळ येते, आणि येथे बहुतेक जण एक वाक्य सहज लिहून टाकतात: ‘बेटातील एकाच पेशीपासून रक्त आणि एंडोथेलियम तयार झाले.’ हे वाक्य खोडायला सांगावे. आपण पाहिले ते एवढेच, की एका पुंजक्याच्या मध्यात रक्त झाले आणि काठावर अस्तर झाले. दोन्हींना जन्म देणाऱ्या एका पेशीची कल्पना जुनी आहे, पी. डी. एफ. मरे यांनी १९३२ मध्ये तिला हिमँजिओब्लास्ट हे नाव दिले. पण पुंजका एकाच पेशीचा आहे की अनेक पेशींचा, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी पेशींवर अशी खूण लागते, जी त्यांच्या पुढच्या पिढ्यांतही उतरते. २००६ मध्ये वेगवेगळ्या रंगांच्या पेशी मिसळून वाढवलेल्या उंदरांच्या भ्रूणांत एकेका बेटात अनेक रंग सापडले, म्हणजे एक बेट अनेक पेशींनी मिळून बांधलेले होते. त्याआधी २००४ मध्ये उंदराच्या प्रिमिटिव्ह स्ट्रीकमधून वेगळ्या काढलेल्या काही पेशी बशीत वाढवल्यावर रक्त आणि एंडोथेलियम दोन्ही देताना दिसल्या. ही दोन्ही निरीक्षणे एकत्र ठेवून वाचावीत: दुहेरी क्षमतेची पेशी असते, पण तिची पुढची दिशा बेटात पोहोचण्याच्या आधीच, रेघेजवळ असताना, बरीचशी ठरू लागलेली असते.

जवळच्या नात्याचे पुरावे दुसऱ्या बाजूनेही येतात. १९९५ मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी फ्लक-१ नावाचा ग्राही, म्हणजे पेशीवरचे इशारे घेणारे प्रथिन, नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्यात रक्तबेटेही झाली नाहीत आणि रक्तवाहिन्याही झाल्या नाहीत, आणि भ्रूण लवकरच दगावले. झेब्राफिशच्या क्लोश या उत्परिवर्तनात जवळजवळ सगळे एंडोथेलियम आणि रक्त एकदमच नाहीसे होते. दुसरीकडे, भ्रूणाच्या देहातल्या महारोहिणीसारख्या वाहिन्या सुट्या पेशी जमून होतात आणि त्यांच्याबरोबर त्या वेळी रक्ताचे पुंजके नसतात. म्हणून ‘जेथे रक्तवाहिनी तेथे रक्त’ हा नियम पीतकाच्या पडद्यावर चालतो, देहात चालत नाही. उत्तरपत्रिकेत या दोन जागा वेगळ्या करून लिहिणारा विद्यार्थी विषय समजला आहे, असे मी धरतो.

ओळखण्यातली आणखी एक चूक येथेच सांगतो. रक्ताच्या थेंबाची स्लाइड करून विद्यार्थी म्हणतात, ‘पेशीत केंद्रक आहे, म्हणून हे भ्रूणाचे रक्त.’ माणसाच्या बाबतीत हा तर्क चालेल, कारण आपल्या पहिल्या पिढीच्या तांबड्या पेशी केंद्रकासह रक्तात फिरतात आणि नंतरच्या पिढीच्या पेशी रक्तात येण्यापूर्वी ते टाकून देतात. पक्ष्यांत मात्र मोठ्या कोंबडीच्या तांबड्या पेशींतही केंद्रक असतेच. कोंबडीत आकार पाहावा: पहिल्या पिढीच्या पेशी गोल असतात आणि नंतरच्या लंबगोल.

७२ तासांचा छेद आणि दुसरी पिढी

पीतकाच्या पडद्यावरचे रक्त पहिले असले, तरी ते जन्मभराचे नसते. ही गोष्ट सिद्ध करणारा प्रयोगही पक्ष्यांतच झाला. निकोल ल दुआरँ यांनी १९६९ मध्ये दाखवले होते, की लावीच्या पेशींचे केंद्रक कोंबडीच्या केंद्रकापेक्षा सूक्ष्मदर्शकाखाली सहज वेगळे ओळखता येते. या खुणेचा उपयोग करून फ्रान्समध्ये फ्राँस्वाझ दिएतर्लाँ-लिएव्र यांनी लावीचा भ्रूण कोंबडीच्या पीतकावर जोडून वाढवला. पीतकाच्या पेशी कोंबडीच्या आणि देहाच्या पेशी लावीच्या, असा हा जोड होता. १९७५ मध्ये त्यांनी जाहीर केले, की पुढे टिकणाऱ्या रक्तपेशी लावीच्या होत्या, म्हणजे त्या देहातूनच आल्या होत्या. पुढे क्यूएच-१ नावाचे प्रतिद्रव्य तयार झाले. ते लावीच्या एंडोथेलियमलाही रंगवते आणि रक्तपेशींनाही, त्यामुळे या दोन्हींचा माग एकाच वेळी काढता येऊ लागला.

देहात ही जागा कोणती, हे पाहण्यासाठी आपल्याला ७२ तासांच्या भ्रूणाचे आडवे छेद लागतात. भ्रूण १० टक्के फॉर्मेलिनमध्ये ठेवून, क्रमाने अल्कोहोल, झायलीन आणि मेण या पायऱ्यांतून नेऊन मायक्रोटोमने छेद घ्यावेत आणि हिमॅटोक्सिलिन-इओसिनने रंगवावेत. ज्यांच्याकडे ही सोय नाही त्यांनी महाविद्यालयाच्या संग्रहातल्या तयार स्लाइड वापराव्यात. छेद हातात आल्यावर आधी दिशा लावावी. वर मज्जानलिका, तिच्या खाली गोल नोटोकॉर्ड म्हणजे भ्रूणाच्या पाठीचा आधारदांडा, त्याच्या खाली महारोहिणीची मोठी पोकळी आणि त्याहून खाली आतडे. महारोहिणीचे छप्पर नोटोकॉर्डकडे आणि तळ आतड्याकडे असतो. १९९६ मध्ये लावी-कोंबडीच्या जोडांवरून दिसले, की छपराचे एंडोथेलियम सोमाइटांकडून येते आणि तळाचे आतड्याभोवतालच्या मध्यस्तराकडून. आणि रक्त देण्याची क्षमता या दुसऱ्या, तळाच्या एंडोथेलियममध्ये असते.

तळाच्या अस्तरावर कोठे कोठे गोल, गडद केंद्रकांच्या पेशी दोन-चारच्या घोळक्याने पोकळीत डोकावताना दिसतात. शेजारच्या चपट्या पेशींच्या रांगेतच त्यांचे बूड रुतलेले असते. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या त्याच परंपरेतल्या संशोधकांनी घोळके दिसण्याच्या आधीच रक्तात चमकणारे लिपोप्रोटीन सोडून वाहिनीच्या अस्तरावर खूण केली, आणि नंतर घोळक्यातल्या पेशींवर तीच खूण सापडली. अस्तराची पेशी आकार बदलून रक्ताची पेशी झाली होती. २०१० मध्ये झेब्राफिशच्या जिवंत भ्रूणात महारोहिणीच्या तळातून एकेक पेशी वाकून बाहेर सुटताना चित्रित झाली आणि त्याच वर्षी उंदरातही हा प्रकार पाहिला गेला. पीतकावर रक्त आणि अस्तर शेजारी-शेजारी जन्मतात. महारोहिणीच्या तळाला मात्र तयार अस्तरच रक्ताची आई होते. नात्याचे हे दोन प्रकार वहीत दोन वेगळ्या पानांवर काढावेत.

माणसाच्या भ्रूणाकडे वळताना क्रम तोच ठेवावा आणि वेळापत्रक बदलावे. आपल्या पीतककोशात पीतक जवळजवळ नसते, तरी त्याच्या भिंतीत तिसऱ्या आठवड्यात रक्तबेटे होतात. हृदय २२व्या दिवसाच्या सुमारास धडधडू लागते. महारोहिणीच्या तळावरचे घोळके २७व्या दिवसापासून सापडतात. तेथून निघालेल्या मूलपेशी यकृतात वसतात आणि त्यानंतर बऱ्याच आठवड्यांनी अस्थिमज्जा हे काम हाती घेते. कोंबडीचे तास माणसाच्या दिवसांना लावून दाखवण्याचा प्रयत्न करू नये.

७२ तासांच्या पहिल्याच छेदात घोळका सापडेल असे नाही, कारण ते ठिकठिकाणी असतात आणि एक छेद केशासारखा पातळ असतो. मालिकेतला पुढचा छेद घ्यावा, मग त्याच्या पुढचा. पोकळीत सुट्या तरंगणाऱ्या पेशींना घोळका म्हणू नये. बूड अस्तरात रुतलेले आहे याची सूक्ष्म स्क्रू फिरवून खात्री करावी आणि मगच पेन्सिल उचलावी. चित्रात नोटोकॉर्ड अवश्य काढावा, म्हणजे घोळका तळाशी होता की छपराशी, हे वही तपासणाऱ्याला विचारावे लागणार नाही.